न्याहारीची वही : पितृपक्षापासून कार्तिकीपर्यंत

रविवार, २२ सप्टेंबर २०२४

पितृपक्षात नवं काही सुरू करू नये म्हणतात. माझा नाइलाज आहे. बायकोला उद्यापासून शाळेचं सकाळचं सत्र मिळालंय, सात दहाची घंटा. आणि आईच्या गुडघ्यांनी ओट्यापुढं उभं राहायचं सोडलंय. तेव्हा सकाळी साडेपाच ते साडेसात स्वयंपाकघर माझ्याकडं.

मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. वहीत उतरल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही, म्हणून ही वही. आजची शिल्लक अशी: धाकट्याच्या डब्यात बिस्किटं, थोरली नुसत्या दुधावर निघून जाते, आप्पा चहात चार टोस्ट बुडवून खातात आणि नंतर साखर वाढली म्हणून टोस्टवाल्याला सोडून सगळ्यांना बोलतात. मी अकरा वाजता कारखान्याच्या गेटवर भजी खातो.

ठरवलेलं: मैदा नाही. तळण आठवड्यातून एकदा. रविवारी सुट्टी, त्या दिवशी गाडीवरची इडली.

मोबाइलवर बघून एक किलो ओट्स आणले. आईनं पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "हे भिजवून कुणाला घालायचं?" तिच्या आवाजात म्हैस स्पष्ट ऐकू आली.

मंगळवार, २४ सप्टेंबर

काल ओट्सची खीर केली. आप्पांनी दोन चमचे खाऊन वाटी पुढं सरकवली, धाकट्यानं तेवढंही केलं नाही. बाकीची मी खाल्ली. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

आज भाकरी. ज्वारी घरचीच, मामाच्या मंगळवेढ्याच्या शेतातली मालदांडी. या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली असं सांगतात, ती याच गावची. एवढी मोठी परंपरा पाठीशी असून माझी भाकरी परातीतच फाटली. थापायला लागलो की कडेला भेगा, उचलायला गेलो की अर्धी हातात आणि अर्धी परातीत. तीन भाकऱ्यांचे सहा तुकडे भाजले.

आई खुर्चीवरून बघत होती. "पीठ कधीचं हाय?"

डब्यावर तारीख नव्हती. हिशेब केला तर महिना होत आला होता.

"विरी गेलीय त्याची. आता काय करायलास त्याला थापून?"

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, जे काही धरून ठेवायचं ते तिच्या स्टार्चनं. पीठ जुनं झालं की ते धरत नाही. त्यात रब्बीची ज्वारी निघते फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे सप्टेंबरात दाणाही सहा-सात महिन्यांचा असतो. आईनं सांगितलेला उपाय: पाणी उकळायचं, पिठात ओतायचं, उलथण्यानं कालवून दहा मिनिटं झाकून ठेवायचं आणि मग हाताला सोसेल तसं तळव्याच्या टाचेनं रगडायचं. रगडण्यात कसूर नको, पीठ परातीला चिकटायचं थांबेपर्यंत. चौथी भाकरी थापली गेली. फुगली नाही. पण गोल होती.

नोंद: दळण यापुढं आठ दिवसांचंच. डब्यावर तारीख.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

हस्ताचा पाऊस लागला. मामाचा फोन आला, वाफसा झाला की ज्वारीची पेरणी. आपण जी खातोय ती संपत येताना पुढची जमिनीत जाते, हे इतकी वर्षं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आज धपाटे, आणि पहिल्यांदा काहीतरी जमलं. माप लिहून ठेवतो, कारण आईचं माप "बसंल तेवढं" असं असतं.

ज्वारीचं पीठ तीन वाट्या, डाळीचं अर्धी, कणीक अर्धी. एक मोठी काकडी किसून तिला मीठ चोळायचं आणि दहा मिनिटं ठेवायची. तिला सुटलेलं पाणी टाकायचं नाही, पीठ त्यातच भिजवायचं, वरून पाणी लागलं तर हबका मारण्यापुरतं. लसूण, हिरवी मिरची, जिरं ठेचून. तीळ सढळ. ओवा, हळद, कोथिंबीर.

धुतलेलं पांढरं सुती कापड ओलं करून पाटावर पसरायचं, त्यावर गोळा ठेवून ओल्या बोटांनी थापायचं. मधोमध एक आणि भोवती चार भोकं. कापडासकट उचलून तव्यावर उलटायचं आणि कापड एका कडेपासून सोलल्यासारखं काढायचं. इथं घाई केली की धपाटं कापडाबरोबर परत येतं. पहिली दोन आली. तिसऱ्यापासून कळलं, तवा पुरेसा तापला की खालची बाजू स्वतःच तवा धरते, कापड आपोआप सुटतं. भोकांत थेंब थेंब तेल, झाकण, मग पलटी.

सहा माणसांना (पाव्हणा म्हणून शेजारचा एक पोरगा धरून) अकरा धपाटी. वेळ पन्नास मिनिटं, जास्त आहे. पीठ सोडून बाकी सगळं रात्री करून ठेवलं तर पस्तीसवर येईल.

आप्पांची दोन तासांनंतरची साखर १६८. सोमवारी टोस्ट खाऊन २१२ होती. एका दिवसाच्या आकड्यावर ताळेबंद काढू नये हे मला कळतं. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तशाच चालू आहेत. तरी आकडा लिहून ठेवला.

सोमवार, ३० सप्टेंबर

आज पाण्याचा दिवस. पहाटे साडेचारला नळ आला, पिंप, टाकी, हंडे, कळशा भरता भरता सहा वाजले. न्याहारी सुशीला. चुरमुरे भिजवून पिळले, फोडणीत कांदा, मिरची, शेंगदाणे, वरून डाळ्याचं कूट. बारा मिनिटं. चुरमुऱ्यात पौष्टिक असं फार नसतं, म्हणून दाणे दुप्पट आणि मटकीची मोड मूठभर घातली. थोरली म्हणाली, "हे रोज कर." म्हणजे धपाट्याच्या पन्नास मिनिटांची किंमत शून्य.

पाण्याच्या दिवसासाठी घरात तयार काहीतरी असायलाच हवं. संध्याकाळी कारखान्यातून येऊन कडक भाकरी करायला घेतली.

बाजारात बचत गटाच्या बायकांकडं मिळते ती कागदासारखी असते. माझी पुठ्ठ्यासारखी झाली. भाकरी नेहमीपेक्षा पातळ थापायची, फुगू द्यायची नाही, मंद आचेवर कापडाच्या बोळ्यानं दाबत दाबत ओल काढायची आणि शेवटी चुलीच्या बाजूला उभी करून वाळवायची. आमच्याकडं गॅस आहे, चुलीची धग कुठून आणू? तव्यावरच मंद आचेवर ठेवल्या. आठ झाल्या. डब्यात भरल्या.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

घटस्थापना. रूपाभवानीच्या देवळात पहाटेपासून रांग. आईनं खुर्चीवर बसूनच घटाच्या मातीत धान्य पेरलं.

थोरलीनं नऊ दिवसांचे उपवास धरलेत, मैत्रिणींच्या पैजेवर. साबुदाण्यावरून वाद झाला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडीत जे अंगी लागतं ते दाण्याच्या कुटातलं. मी म्हटलं राजगिरा कर, भगर कर. ती म्हणाली, "बाबा, उपवासाला साबुदाणा नाही तर मग उपवास कशाला?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

रविवार, ६ ऑक्टोबर

दोन गोष्टी.

पहिली, कडक भाकरीला बुरशी. डबा उघडला तर कुबट वास, पाच भाकऱ्यांवर मधोमध हिरवट ठिपके. कडा मात्र खडखडीत. म्हणजे थापताना मध्य जाड राहिला, ओल आत अडकली, आणि वरून या पावसाळी हवेत डबा घट्ट लावून ठेवला. सगळ्या आठही टाकल्या. उरलेल्या तिघी चांगल्या दिसत होत्या, आप्पा म्हणाले तेवढ्या ठेव, पण बुरशी दिसते तेवढीच नसते. नावे बाजूला आठ भाकऱ्या आणि एक संध्याकाळ.

दुसरी, भगर. वाण्याकडं भगरीचं सुटं पीठ होतं, थोरलीच्या थालीपिठासाठी घेणार होतो. आईनं फोनवरूनच थांबवलं. उपवासाच्या दिवसांत भगरीच्या पिठानं विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात त्या खोट्या नाहीत. दमट हवेत त्यावर बुरशी धरते, आणि पीठ केलं की ती दिसतही नाही. सुटं पीठ घेऊ नका, असं अन्न व औषध प्रशासनानंही सांगितलेलं आहे. अख्खी भगर आणली, निवडली, तीन पाण्यांनी धुतली, सावलीत वाळवून घरच्या मिक्सरवर दळली. त्यात राजगिऱ्याचं पीठ निम्मं, उकडलेला बटाटा, कूट. थालीपीठ बरं झालं. पैजवाली म्हणाली, "साबुदाण्यापेक्षा जरा कमी वाईट."

गुरुवार, १० ऑक्टोबर

समोरच्या अक्कांकडं बतुकम्मा, तेलुगू बायकांचा फुलांचा सण. त्यांच्या सासऱ्यांचा हातमाग होता, आता मुलगा यंत्रमागावर. घरात तेलुगू, दारात मराठी. झेंडूच्या आणि पिवळ्या रानफुलांच्या उतरंडीभोवती बायकांनी फेर धरला आणि नंतर प्रसाद वाटला. त्यातला मलिदा माझ्या हातावर ठेवला: पोळी चुरून गूळ आणि तूप घालून वळलेला. धाकट्यानं तीन खाल्ले. डब्यातल्या बिस्किटाला तोड मिळाली. शिळी पोळी रोजच असते.

अक्कांना न्याहारीचं सांगितलं तर त्या हसल्या. "इतका त्रास कशाला? पेसरट्टू करा की. पीठ आंबवायचं नाही, काय नाही."

अख्खे हिरवे मूग रात्री भिजवायचे, मूठभर तांदूळ त्यातच. सकाळी आलं, हिरवी मिरची, जिरं, मीठ घालून वाटायचं आणि लगेच डोसा घालायचा. मुगात शंभर ग्रॅमला बावीस-चोवीस ग्रॅम प्रथिनं, ज्वारीत दहाच्या आसपास. चोथा दोन्हींत आहे. दोन्ही आलटून पालटून आले तर हिशेब जुळतो.

तव्यावर वरून बारीक चिरलेला कांदा दाबायचा असतो, पण आमच्याकडं नवरात्रात कांदा-लसूण बंद. कांद्याशिवाय करू. वैद्यक म्हणतं शरदात हलकं, गोडसर खावं, आणि हलक्यात मूग पहिला. पावसाळ्यात साठलेलं पित्त या उन्हानं उसळतं, म्हणून तर "वैद्यानां शारदी माता" म्हणतात. दुपारी गेटवर उभं राहिलं की ते पटतं. सकाळी धुकं, दुपारी भट्टी.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. श्रीखंड-पुरी. वही बंद.

रविवार, १३ ऑक्टोबर

लसूण सुटला. शेंगाची चटणी.

उखळ टेबलावर ठेवलं. आई खुर्चीवर, मी उभा. अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर वीस मिनिटं, सारखं हलवत. आच वाढवली की बाहेरून डाग पडतात आणि आत दाणा कच्चा राहतो, दातांखाली आला की कळतं. गार झाल्यावर सालं चोळून पाखडली, सगळी नाही, थोडी राहू दिली. चाळीस पाकळ्या लसूण, दोन चमचे जिरं, दीड चमचा जाड मीठ, चार चमचे तिखट आधी उखळात घालून लगदा केला. मग दाणे मूठ मूठ.

पहिल्या पाच मिनिटांत ते नुसतं कूट असतं. कोरडं, फिकट. आई म्हणाली थांबू नको. दहाव्या मिनिटाला मुसळाचा आवाज बदलला. आधी खट खट होता, तो बसका झाला. रंग गडद व्हायला लागला. मूठभर घेऊन दाबलं तर बोटांचे ठसे उमटले, आणि सोडल्यावर हाताला तेल. वरून तेलाचा थेंब घातलेला नाही, सगळं दाण्याचं. "आता झाली," आई म्हणाली, आणि मी थांबलो तर "अजून चार घाव".

उरलेला निम्मा घाणा मिक्सरवर केला, तुलनेसाठी. थांबून थांबून फिरवला, मधेमधे चमच्यानं खालवर केला. तरी तळाशी लोणी झालं आणि वर भरड राहिली. चव वाईट नाही. पण दोन वाट्या शेजारी ठेवल्यावर कुठली आधी संपली ते लिहायची गरज नाही.

बुधवार, १६ ऑक्टोबर

कोजागरी. रात्री तुळजापूरला पायी. दसऱ्यापासून झोपी गेलेली देवी पौर्णिमेला उठते, म्हणून सोलापुरातून हजारो लोक चालत जातात. पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. मी दर दोन वर्षांनी जातो, या वर्षी मेव्हणा बरोबर.

काल संध्याकाळी कडक भाकरीचा दुसरा प्रयत्न केला होता. या वेळी बचत गटाच्या एका मावशींना विचारलं, भाकरी विकत घेता घेता. त्यांनी माझी भाकरी न बघताच सांगितलं: "मधी जाड ऱ्हात असंल." थापताना हात मधून कडेकडं सरकवत न्यायचा, आणि मध्यावर शेवटचे चार-पाच थाप. भाजून झाल्या की लगेच डब्यात नाही, रात्रभर सुपात, वर पातळ कापड. डब्यात जायच्या आधी मोडून बघायची. वाकली तर परत तव्यावर. मोडताना आवाज यायला हवा.

बारा केल्या, दहा मोडल्या तेव्हा आवाज आला. दोन वाकल्या, त्या आमटीत गेल्या.

रूपाभवानीचं दर्शन घेऊन निघालो. रस्त्याला मंडपामंडपात चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी, मसाला दूध, कुणी उपाशी राहणं शक्यच नाही. तरी तामलवाडीच्या पुढं पाय बोलायला लागल्यावर रस्त्याकडंला बसून कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा खाल्ला. मेव्हण्यानं विचारलं, "विकतची?" मी म्हणालो घरची. "ताईनं केली?" मी गप्प राहिलो. पहाटे कळसाला हात जोडताना एक भाकरी अजून पिशवीत होती.

सोमवार, २१ ऑक्टोबर

आंबील फसली. ज्वारीचं पीठ ताकात कालवून काल संध्याकाळी सातला गॅसजवळ ठेवलं, पहाटे साडेपाचला भांड्यावरचं झाकण बाजूला पडलेलं, पीठ ओट्यावर. वास दारूच्या दुकानासारखा. आई म्हणाली थंडीत रात्रभर ठेवायची, ऑक्टोबरात झोपताना.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

रात्री साडेदहाला भिजवली, खिडकीजवळ ठेवली. चौघांना पाऊण वाटी पीठ, दीड वाटी पातळ ताक. सकाळी सहा वाट्या पाणी उकळून त्यात धार धरून ओतलं, एका हातानं सतत हलवत. हात थांबला तिथं गुठळी, दोनदा थांबला. आठ-दहा मिनिटं शिजली, चकाकी आली. मीठ, ठेचलेला लसूण, जिरं, कोथिंबीर. कोमट झाल्यावर आणखी ताक.

शरदात दही वर्ज्य सांगितलंय, हे मी आईला ऐकवलं. "ताक आणि दही एक हाय व्हय?" विषय संपला.

आप्पांनी दोन वाट्या प्यायल्या आणि म्हणाले, गिरणीत पहिल्या पाळीला जाताना त्यांची आई हेच द्यायची. इतकी वर्षं त्यांनी टोस्ट खाल्ला आणि हे कधी सांगितलं नाही. मी विचारलं का नाही सांगितलं. म्हणाले, "कुणी विचारलं?"

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

भोपळा आणला, सव्वा किलो. किसून गुळाबरोबर शिजवला, वेलची, कणीक, थोडा रवा, मऊसर गोळा. घारगे तळायचे असतात. तळणाचा कोटा दिवाळीसाठी राखून ठेवलाय, म्हणून मी ते लाटून तुपावर भाजले आणि नवीन पदार्थ शोधल्याच्या थाटात आईपुढं ठेवले.

"दशमी झालीय ही," ती म्हणाली. "तुझी आजी प्रवासाला द्यायची. पाण्याचा हात न लावता केली की चार दिवस टिकते."

भोपळ्याच्याच ओलाव्यात भिजवली होती, पाणी नव्हतं. म्हणजे तेही आधीच झालेलं.

डबा रिकामा आला. धाकट्यानं एक दशमी मित्राच्या चॉकलेटशी बदलली, असं थोरलीनं फोडलं. मी याला जमा धरतो.

रविवार, २७ ऑक्टोबर

दिवाळीच्या चिवड्यासाठी ज्वारीच्या लाह्या. विकत मिळतात, पण वही सुरू आहे म्हटल्यावर करून बघायला हव्यात. ज्वारीवर कडकडीत पाणी शिंपडून चोळली, कापडात बांधून रात्रभर ठेवली, सकाळी थोडी पंख्याखाली. लोखंडी कढई खूप तापवायची, मूठभर ज्वारी टाकायची आणि कापडाच्या बोळ्यानं दाबत फिरवायची. पहिल्या मुठीला काही झालं नाही. कढई तापली नव्हती. दुसऱ्या मुठीला फटाफट उडाल्या, अर्ध्या गॅसखाली गेल्या. तिसरीपासून जाळीचं झाकण धरायला थोरलीला उभं केलं.

अर्धा किलोत साधारण निम्म्या फुलल्या, निम्मं गणंग. पाणी जास्त झालं होतं बहुतेक, किंवा मालदांडीचा मोठा दाणा लाह्यांना तितकासा बरा नसावा. गणंग टाकायचं नाही. कोरडं भाजून दळून आणलं, दूध-गुळात कालवून आप्पांना सोडून सगळ्यांना. आप्पांना ताकात.

लाह्या, भाजलेले दाणे, डाळं, कढीपत्ता, तीन चमचे तेलाची फोडणी. पोह्याच्या चिवड्याच्या डब्याशेजारी ठेवला. बघू कुठला आधी तळ गाठतो.

२८ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर

वसुबारस ते भाऊबीज. चकली, शंकरपाळी, करंजी, अनारसे. तळणाचा कोटा कुणी विचारला नाही. मीही नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

लाह्यांचा चिवडा हरला, अर्धा डबा शिल्लक. पाव्हण्यांनी पोह्याचा संपवला. पण आजपासून चारच्या भुकेला घरात तोच आहे आणि त्यावर डाळिंबाचे दाणे टाकले की थोरलीही खाते. डाळिंबाला सोलापुरात कमी नाही, केगावला त्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच आहे. आमच्या गल्लीतल्या गाडीवर मात्र डागी फळं आधी पिशवीत पडतात, त्यामुळं एकेक हातात घेऊन निवडावं लागतं. साल चोपडी, गुळगुळीत, अगदी गोल असलं तर ते कच्चं. बाजूंनी जरा चपटं, कोपरे आलेलं घ्यायचं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

कार्तिकी. पंढरपूरच्या गाड्या पहाटेपासून भरून. थोरलीनं स्वतःहून राजगिऱ्याचं थालीपीठ मागितलं. काही बोललो नाही, नुसतं लिहितोय.

रविवार, १७ नोव्हेंबर

पहाटे पहिल्यांदा शाल घेतली. हुलग्याचं माडगं केलं. हुलगे भाजून दळून आणलेले, पिठाची पातळ पेज गूळ, सुंठ आणि चिमूटभर मीठ घालून. उकळी आल्यावर फेस वर येतो, झाकण ठेवू नये. ठेवलं. ओटा पुसला.

बायकोला वीस तारखेच्या मतदानाची ड्यूटी लागलीय. एकोणीसला दुपारी पेट्या घेऊन केंद्रावर, मुक्काम तिथंच, गाव आडबाजूचं. मागच्या वेळी वेफर्स आणि चहावर काढली होती रात्र. म्हणून आज सुट्टी मोडली आणि कडक भाकरी, वीस. मध्य पातळ, रात्रभर सुपात. चटणीचा नवा घाणा, पूर्ण उखळावर.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

सगळ्या मोडून बघितल्या. एकोणीसांना आवाज. चौदा तिच्या पिशवीत दिल्या, कागदात गुंडाळून, डबा न लावता. चटणी वेगळी, चार कांदे, पाच भोपळ्याच्या दशम्या. तिनं पिशवी उचलून बघितली. "मी दोन दिवसांनी येणार आहे, वनवासाला नाही निघाले."

रात्री नऊला फोन. पाच जणांच्या पथकानं आठ भाकऱ्या संपवल्या. एक जण बार्शीचा, तो म्हणाला तीळ कमी आहेत.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

ती पहाटे दोनला आली. भाकरी नव्हती, चटणीची बाटली पुसून रिकामी.

सकाळी धपाटे, अठ्ठेचाळीस मिनिटं. पस्तीसवर काही आलो नाही. तीळ वाढवले. आज धपाटे जरा खुसखुशीत का झाले म्हणून आईला विचारलं, तर तिनं फडताळाकडं हात केला. ओट्सचं पाकीट रिकामं होतं. तिनं परवा भाजून मिक्सरवर काढून माझ्या पिठाच्या डब्यात मिसळलं होतं, तारखेच्या चिठ्ठीखाली.

उद्या गिरणी: ज्वारी तीन किलो, हुलगे अर्धा, बेसनाची डाळ अर्धा.